माणूस यायचंय

माझ्या नातीचा एक बँड आहे. नाव 'पाणी आलं'. आमच्या शहरात नळाकडे डोळे लावून बसलेल्यांना हे नाव समजावून सांगावं लागत नाही. चौघं आहेत. नात गाते आणि गिटार वाजवते. ड्रम वाजवणाऱ्या शाहिदच्या पडेगावातल्या घरामागं पत्र्याची खोली आहे, तिथं त्यांचा सराव चालतो. गाणी त्यांची तेच लिहितात, चाली तेच लावतात, आणि हल्ली कार्यक्रमात प्रत्येक गाण्याआधी त्यामागची गोष्टही सांगतात. लोकांना गाण्याइतकीच ती आवडते. एका गाण्याची गोष्ट अशी, की त्यांच्यातल्या एकाला क्रांती चौकातल्या सिग्नलवर रोज एक मुलगी दिसायची. त्याची सगळी हिंमत गोळा होईपर्यंत दिवा हिरवा व्हायचा. शेवटी गाणंच झालं, लग्न तिचं दुसरीकडे झालं.

पण त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं म्हणजे 'सर, उठा'. शाळेच्या बँडचे एक सर असतात. ऐन परेडमध्ये, मुलं जोरात वाजवत असताना, सरांना उभ्या उभ्या डुलकी लागते. काठी हवेत, डोळे मिटलेले. सगळे ड्रम बंद. गाण्यातही त्या जागी सगळं थांबतं. मग समोरचे लोक एका आवाजात ओरडतात, "सर, उठा!" आणि वाजंत्री पुन्हा सुरू. ओरडण्यासाठीच कित्येक जण येतात.

ही गोष्ट नातीला मी दिली. ती लहान असताना अभिनयासकट सांगायचो. जेवत नसली की काठीऐवजी चमचा हवेत धरायचो.

आता या सगळ्या गोष्टी गाण्यांबरोबर लिहून ठेवायचं त्यांनी ठरवलं आहे. या गाण्याची गोष्ट तुम्हीच लिहा, असं नातीनं मला सांगितलं. ती इतके दिवस सांगत आली ती नव्हे, खरी. कारण सर झोपत नव्हते. ते कधीच झोपले नव्हते.

ते लासूर स्टेशनच्या आमच्या शाळेत ड्रिल शिकवायचे आणि शाळेचा बँड बसवायचे. मी मराठी शिकवत असे. दोघंही राहायला शहरात, त्यामुळं जाणं-येणं एकाच गाडीनं. माझ्यापेक्षा वयानं बरेच मोठे. शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झालेलं. रागावले की उर्दूत रागवायचे. खोड्या करणाऱ्या पोराला म्हणायचे, "हुजूर, तशरीफ उचला आणि उन्हात ठेवा." पोराला शब्द कळायचा नाही, पण ऊन कळायचं.

त्यांची पहिली तऱ्हा म्हणजे त्यांना दुसऱ्याच्या पावलाशी पाऊल जुळवल्याशिवाय चालताच येत नसे. स्टेशनावरून शाळेत जाताना ते माझ्याशेजारी आले की दोन उड्या मारल्यासारखं करून पाय बदलत, आणि मग आमचं डावं-उजवं एक होई. मी मुद्दाम लांब ढांगा टाकल्या तर तेही टाकत. एकदा शाळेचा शिपाई त्यांच्याबरोबर चालत होता. तो एका पायानं लंगडायचा. थोड्या वेळानं सरही लंगडू लागले. शिपायानं वळून पाहिलं आणि तो तापला.

"सर, मास्तर असाल तर वर्गात. माझी नक्कल केली तर हातपाय नाय ठेवणार."

"नक्कल नाय रे बाबा. तुझा ठेका लई अवघड हाय. मला जमंना म्हणून बघतोय."

हा माणूस थट्टा करत नाही, हे शिपायाला कसं कळलं देव जाणे. त्या दिवसापासून सरांचा चहा पहिला येऊ लागला. पायाला ठेका आहे, असं त्याला त्याआधी कोणी म्हटलं नव्हतं.

दुसरी तऱ्हा त्यांच्या हुकमांची. सावधान, विश्राम हे शब्द ते वापरत नसत. 'हं' म्हटलं की पोरं ताठ उभी राहत. 'बरं' म्हटलं की सैल सोडत. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "हा काय प्रकार?" सर म्हणाले, "साहेब, सावधान म्हणलं की पोरगं घाबरतंय. घाबरलेलं पोरगं काय सावध राहणार?" साहेब काही बोलणार, तोच आमच्या मुख्याध्यापकांनी सवयीनं मधे 'हं' म्हटलं, आणि अख्ख्या पथकानं टाचा जुळवल्या. साहेबांना हसू आवरेना.

गाडीत ते खिडकीशी बसून चाकांचा आवाज ऐकत. "पोटूळ स्टेशनच्या पुढं ठेका बदलतो," असं रोज सांगत. मला कधी फरक कळला नाही. मी 'हो ना' म्हणत असे. पावसाळ्यात ड्रमची कातडी सैल पडली की ऊन निघाल्याबरोबर ते सगळे ड्रम मैदानात मांडत, पापड वाळत घालावेत तसे, आणि शेजारी काठी घेऊन बसत. कारण गावातल्या शेळ्यांना मोठ्या ड्रमच्या दोरीची चव लागली होती. अशा वेळी कोणी तास घ्यायला सांगितलं तर म्हणत, "माझा तास सुरूच हाय. शेळ्यांचा."

आणि तिसरी तऱ्हा. आम्ही शिक्षक दुपारी सतरंजीवर गोल करून डबे खात असू. एखादा आला नसेल तर सर त्याची जागा भरू देत नसत. आम्ही सरकून बसायला लागलो की हात आडवा घालून म्हणत, "जागा धरा. माणूस यायचंय."

"अहो, तो रजेवर आहे आज."

"असू द्या. माणूस यायचंय."

त्या रिकाम्या जागेसमोर ते आपल्या डब्यातला भाकरीचा तुकडा आणि हिरव्या मिरचीचा ठेचा ठेवत. जेवण झालं की तो तुकडा स्वतःच खात. माणूस मोकळा सुटला की गोल तुटतो, असं काहीतरी त्यांचं म्हणणं होतं. आम्ही त्यावर पुष्कळ हसायचो. मी सगळ्यात जास्त, कारण नकला करण्यात माझा हात कोणी धरत नसे.

त्यांच्या बँडमध्ये छाया नावाची मुलगी साइड ड्रम वाजवायची. नववीत होती. वस्तीतली, म्हणजे रुळांपलीकडच्या बौद्ध वस्तीतली. घरी भाऊ पातेलं आणि ती ताट वाजवायची, तिथून सरांनी तिला उचललं होतं. तिच्यासाठी त्यांनी परेडच्या मधोमध एक जागा काढली. सगळा बँड एकदम थांबायचा, तिचा एकटीचा ड्रम वाजायचा, आणि ती शेवटचा ठोका द्यायची तेव्हा सगळे एका दमात परत सुरू व्हायचे. मी काही संगीतातला जाणकार नाही. पण ती जागा आली की हातातलं काम थांबायचं, एवढं मला आठवतं. सर त्या वेळी काठी हवेत धरून, डोळे मिटून उभे राहायचे. ते ऐकत असायचे.

त्या वर्षी गावातल्या एका मोठ्या अडत्यानं बँडला नवे ड्रेस शिवून दिले. लाल कॉलर, सोनेरी बटणं, पांढरे बूट. माणूस भला होता. ड्रेस द्यायला आला तेव्हा सहज म्हणाला, "आमची पुतणी पण वाजवते म्हणे चांगलं." एवढंच. त्यानं मागितलं काही नाही. मुख्याध्यापकांनी मला काही सांगितलं नाही. कोणी न सांगता समजून घेणं हा माझा त्या काळी मोठा गुण मानला जायचा, आणि त्याच गुणावर मला पुढं जायचं होतं.

सांस्कृतिक विभाग माझ्याकडे होता. सर ड्रमची कातडी आणायला शहरात गेले होते, तो दिवस मी निवडला. छायाला बोलावून म्हणालो, "अगं, ड्रेस एक कमी आलाय. या वर्षी तू थांब. पुढच्या वर्षी बघू."

ती म्हणाली, "सर, मी जुनाच घालते की."

"सगळ्यांचे नवे आणि तुझा जुना, बरं दिसेल का?"

ड्रेस कमी आला नव्हता. कमी करायला तीच का सुचली, याचं उत्तर मी त्या वेळी स्वतःला विचारलं नाही. आज विचारतो, आणि उत्तर देणं भाग आहे. तिच्या घरून कोणी जाब विचारायला येणार नाही, हे मला ठाऊक होतं. ती कुठल्या वस्तीतली होती, म्हणून ते मला सोपं गेलं.

दुसऱ्या दिवशी सर आले. त्यांनी पाहिलं, ड्रम अडत्याच्या पुतणीच्या गळ्यात. ते माझ्याकडे आले.

"ती कुठंय?"

"ड्रेस कमी पडला, सर."

ते "बरं" म्हणाले. मी सैल झालो. त्यांनी त्या नव्या मुलीला मनापासून शिकवलं, तिच्यावर राग काढला नाही. फक्त मधली ती जागा तिला दिली नाही. बँड थांबायचा आणि थांबलेलाच राहायचा. छायाचा तुकडा जितका लांब, तितकी शांतता. मग सगळे एकदम सुरू.

गाडीत मी विचारलं, "सर, ते मधे काय ठेवलंय तुम्ही?"

"तिची जागा हाय. धरून ठेवलीय."

"पण लोकांना ते चुकल्यासारखं वाटेल."

"लोकांना वाटू द्या. सव्वीस जानेवारीला फेरी तिच्या घरावरनंच जाती. ती ऐकंल ना. तिला कळंल, आपली जागा कुणाला दिली नाय."

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. मला माहीत होतं की ती ऐकणार नाही. दोनच दिवसांपूर्वी तिची आई शाळेतून दाखला घेऊन गेली होती. छाया जालन्याला मामाकडे शिकायला जाणार होती. दाखला देताना टेबलाशी मी होतो. सर त्या वेळी मैदानात होते. मी त्यांना ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मला विचारलं असतं, का गेली?

सव्वीस जानेवारीला फेरी वस्तीपाशी आली आणि बँड थांबला. सर डोळे मिटून, काठी हवेत धरून उभे. रस्त्यावरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. एका दारात छायाची आई उभी होती. ती पदर ओठांशी धरून बघत होती. मग ड्रम सुरू झाले आणि फेरी पुढं गेली. मैदानावर पाहुण्यांसमोर पुन्हा तेच. तिथं मात्र मागची रांग गोंधळली, पुढच्यांवर आदळली, एकाचा बूट निघाला. पाहुणे हसले. ड्रेस देणाऱ्या अडत्याचं तोंड उतरलं.

ऑफिसात मुख्याध्यापकांनी सरांना विचारलं, "हे काय होतं? बँड मधेच बंद का पडला?"

सरांनी उत्तर देण्याआधी माझ्याकडे पाहिलं. आजही मला वाटतं, मी सांगावं म्हणून ते थांबले होते. माझी जागा धरून ठेवावी तसे. आणि मी बोललो.

"साहेब, सरांना हल्ली विसर पडतो. मधेच तंद्री लागते. मुलं बिचारी काय करणार?"

सर म्हणाले, "हं."

तेवढंच. आणि माझ्या टाचा आपोआप जुळल्या.

बँड त्यांच्याकडून काढून माझ्याकडे दिला. मी ती शांतता काढून टाकली आणि त्या जागी सगळ्यांना वाजवायला लावलं. विसराची गोष्ट मी शिक्षकांत सांगितली, ती हसून ऐकली गेली, म्हणून पुन्हा सांगितली. दरवेळी थोडी सुधारली. विसर पडतो यात गंमत नव्हती, म्हणून झोप आणली. मग घोरणंही आणलं. पोरांच्या कानावर गेलं. सर वर्गासमोरून जाऊ लागले की आतून आवाज यायचा, "सर, उठा!" सर दारात थांबून म्हणायचे, "उठलोय बाबांनो. तुम्ही बसा."

यातली सगळ्यात कठीण गोष्ट सांगायची राहिली. त्यानंतरही आम्ही रोज एकाच गाडीनं गेलो, आणि त्यानंतरही ते माझ्याच पावलावर चालले. त्यांना दुसरं येतच नव्हतं. आपल्याविषयी खोटं बोललेल्या माणसाशी पाऊल जुळवून रोज शाळेत जायचं, आणि तेही, मी आज मांडतो आहे तसा त्याचा हिशेब न मांडता. पोटूळ गेलं की ते आता काही बोलत नसत. मी एकदा आपणहून म्हणालो, "सर, ठेका बदलला." ते म्हणाले, "नाय. आज नाय बदलला."

निवृत्तीनंतर ते पडेगावात घरीच असत. शेवटच्या आजारात मी त्यांना भेटायला गेलो. आवाज खोल गेला होता. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी विचारलं, "त्या पोरीनं ऐकलं असंल का हो?"

तिथं तरी मला खरं बोलता आलं असतं. ते पडलेले, मी खुर्चीवर, तिसरं कोणी नाही. मी म्हणालो, "ऐकलं असणार, सर. त्यांच्या दारावरूनच तर गेलो आपण."

"बरं," ते म्हणाले. पुढच्याच आठवड्यात ते गेले.

मग नात आली, चमचा आला, आणि गोष्ट गाणं झाली.

गेल्या हिवाळ्यात क्रांती चौकाजवळच्या एका छोट्या सभागृहात त्यांचा कार्यक्रम होता. मला पुढच्या रांगेत बसवलं. नातीनं गोष्ट सांगितली, आणि म्हणाली, "ही गोष्ट मला ज्यांनी दिली ते माझे आजोबा इथं बसलेत." टाळ्या पडल्या. मी मागं वळून हात जोडले. मग गाणं, मग ती थांबण्याची जागा, आणि माझ्या पाठीमागून सगळं सभागृह ओरडलं. मीही ओरडलो. हे लिहायचं मी टाळणार होतो, पण ओरडलो.

कार्यक्रम संपल्यावर शाहिद माझ्याजवळ येऊन बसला. बाकीचे वायरी गुंडाळत होते. पोरगा विचारी आहे. म्हणाला, "दादाजी, एक बात पुछूं? गुस्सा नको करू."

"विचार की."

"तुमचे सर रोज एकच जागी झोपायचे? म्हणजे बरोबर त्याच मात्रेवर?"

"हो. म्हणजे, साधारण."

"साधारण नाय चालत ना. आणि सर झोपले, तर बाकी बच्चे एकसाथ परत कसे सुरू होत होते? काठी तर हवेत. इशारा कोन देत होतं?" त्यानं मांडीवर बोटांनी वाजवून दाखवलं. "मी हे गाणं किती वेळा वाजवलं. ही झोप नाय, दादाजी. सोया सो आदमी बराबर गिनती पे कैसा उठता? इथं कुणीतरी मोजत होतं."

त्याला फक्त त्याच्या कामाची गोष्ट समजून घ्यायची होती. इतक्या वर्षांत इतकी माणसं या गोष्टीवर हसली, पण कुणालाही हा प्रश्न पडला नव्हता. मी पाणी मागितलं. नात धावत आली. तिला वाटलं मला भोवळ आली.

घरी गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं. ती माझ्यासमोर पाय दुमडून बसली होती, लहानपणी बसायची तशी. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "आजोबा, आम्ही त्यांना इतक्या वेळा ओरडून उठवलं."

"हो."

"ते जागे होते."

"हो."

ती उठून गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन आली आणि उभ्यानंच म्हणाली, "छायाबाई कुठं असतात?"

मला माहीत नव्हतं. मी कधी चौकशी केली नव्हती. नातीनं लासूरच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन करून शोध लावला. छाया याच शहरात होती. सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून नोकरी करून नुकतीच निवृत्त झालेली. आमच्या घरापासून रिक्षानं फार दूर नाही. इतकी वर्षं.

नात मला घेऊन गेली. दार छायानंच उघडलं. केस पिकलेले, चष्मा, पण मान तशीच ताठ. "या सर," म्हणाली. मी कोण हे सांगावं लागलं नाही. पाणी आणलं, बसली. मी जे सांगायला आलो होतो ते सांगितलं. ड्रेस कमी नव्हता, हे सांगितलं. ती म्हणाली, "ते मला तव्हाच कळलं होतं सर. खोक्यात एक शिल्लक होता. मी मोजले होते."

मग मी त्या मोकळ्या जागेचं सांगितलं. वस्तीपाशी बँड थांबला, सरांनी काठी हवेत धरली, का धरली. तिनं चष्मा काढला.

"आईनं सांगितलं होतं मला. फेरी आपल्या दारात बंद पडली म्हणून. आम्हाला वाटलं, आपल्या वस्तीपुढं वाजवायचं नाय, म्हणून थांबवलं."

हे मला सुचलंही नव्हतं. सरांनाही सुचलं नसणार. मान म्हणून धरलेली शांतता त्या दारात अपमान होऊन पोचली, आणि दोन्हीकडं खरं सांगू शकणारा मी एकटाच होतो.

"सरांनीच माझा ड्रम त्या पुतणीला दिला, असं मी धरून चालले," छाया म्हणाली. "मला नोकरी लागली त्याच्यानंतर एकदा स्टेशनावर दिसले. मागनं आले, आन् माझ्या शेजारी चालायला लागले. तुम्हाला माहितीय ना, त्यांचं ते पाऊल जुळवायचं."

"माहीत आहे."

"त्यांनी जुळवलं. मी मोडलं. पुन्हा जुळवलं, मी पुन्हा मोडलं. एक शब्द बोलले नाय मी. फलाटाच्या टोकापर्यंत असंच. मग ते थांबले. मी गेले पुढं." ती चष्म्याची काच पदरानं पुसत राहिली. "मागं वळून बघितलं नाय."

नातीनं चाचरत विचारलं, "मावशी, तुमचा तो तुकडा... आठवतो का? आम्हाला ती जागा भरायची होती."

"आठवतो की. बोटांतच हाय." तिनं हात मांडीवर तसेच ठेवले. "पण तो सरांपुढं वाजवायचा होता. तुमचं गाणं ऐकवा बरं मला."

नातीनं माझ्याकडे पाहिलं. नाइलाजानं मोबाइलवर कार्यक्रमातलं गाणं लावलं. छाया मान खाली घालून ऐकत होती. ती जागा आली, सगळं थांबलं, आणि त्या छोट्याशा यंत्रातून तो सगळा जमाव ओरडला. छाया दचकली.

"एवढे लोक?"

"हो."

"ह्यांना आता कोण सांगणार?"

"मी सांगतो," मी म्हणालो.

"तुम्ही सांगितलं की लोक ऐकतात सर." तिचा आवाज चढला नव्हता. "तव्हाबी ऐकलंच होतं."

निघताना ती नातीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "जागा भरू नको. मी काय कार्यक्रमाला यायची नाय. पण राहू दे तशीच." माझ्याशी ती काही बोलली नाही. दार मात्र आम्ही जिना उतरेपर्यंत उघडं होतं.

पुढचा कार्यक्रम त्याच सभागृहात झाला. शेजारची एक खुर्ची मी पंचा टाकून धरून ठेवली होती. गर्दी होती. एका तरुणानं विचारलं, "काका, इथं कोणी आहे का?"

"माणूस यायचंय," मी म्हणालो. छाया येणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं.

नातीनं गोष्ट सांगितली. आधी मी तिला बजावलं होतं की माझं नातं लपवू नकोस. तिनं लपवलं नाही. "हे माझ्या आजोबांनी केलं," असं सरळ म्हणाली. या वेळी मी मागं वळून हात जोडले नाहीत. गाणं सुरू झालं. ती जागा आली. शाहिदनं काठ्या हवेत धरल्या आणि डोळे मिटले. मी पहिल्यांदाच ती शांतता नीट ऐकली. फार लांब होती. नववीतल्या एका मुलीला तिथं पुष्कळ काही वाजवता आलं असतं.

आणि मागून, दाराकडून, एक आवाज आला. उशिरा आलेला कोणी असेल, गोष्ट त्यानं ऐकलेली नसेल. सवयीनं, मजेत, पूर्ण ताकदीनं ओरडला, "सर, उठा!"

कोणी हसलं नाही. सभागृहात त्या नावाला उत्तर देणारा एकच माणूस उरला होता. मी खुर्चीचे हात धरले आणि उठलो. ड्रम परत सुरू होईपर्यंत मी टाचा जुळवून उभा होतो.